शाळा त्याच्या झोपेत भरतेय

पत्र:

नमस्कार ताई, माझा मुलगा आठवीत आहे. सातवीपर्यंत त्याची दुपारची शाळा होती, आठवीपासून सकाळची झाली. ७ ला शाळा भरते, ६.२० ला बस येते. मी साडेपाचपासून हाका मारायला लागते, पांघरूण ओढते, शेवटी ओरडते. रोजचं भांडण झालंय. रात्री साडेनऊला झोपायला पाठवला तरी बारापर्यंत टक्क जागा. मिस्टरांनी महिन्याभरापूर्वी मोबाईल काढून घेतला, काडीचा फरक पडला नाही. शाळेतून आला की तीन ते सहा मेल्यासारखा झोपतो, आणि रविवारी बाराच्या आत उठत नाही. बाईंनी डायरीत लिहून पाठवलंय की पहिल्या तासाला डोकं बाकावर असतं. धाकटी आठ वर्षांची आहे, तिची दुपारची शाळा, तरी ती सहाला आपणहून उठून बसते. मिस्टर म्हणतात हा आळशी आहे, सासूबाई म्हणतात मी लाडावून ठेवलाय. पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे. तिथे शाळेची वेळ बदला म्हणू का? की सगळे हसतील?
– ओरडून ओरडून घसा बसलेली आई

उत्तर:

अहो ताई, पहिल्यांदा एक कबुली देते म्हणजे पुढचं बोलायला मोकळी होईन. मी बरीच वर्षं आठवी ते दहावीला शिकवलं आणि त्यातली बहुतेक वर्षं सकाळचा पहिला तास माझा होता. बाकावर डोकं ठेवणाऱ्या पोरांना मी उभं केलंय, तोंड धुवून यायला पाठवलंय, आणि डायरीत तुमच्या बाईंनी लिहिलं ना, अगदी तसंच्या तसं मीही लिहिलंय. तीच पोरं चौथ्या तासाला भेटली की वेगळीच असायची, हात वर करणारी, उलट प्रश्न विचारणारी, आणि तरी माझ्या डोक्यात कधी आलं नाही की मुलं तीच आहेत, फक्त घड्याळ पुढे गेलंय. त्यामुळे बाईंवर रागावू नका, त्यांना आत्ता जे दिसतंय तेच मला तेव्हा दिसायचं.

आता तुमच्या मिस्टरांसाठी. तुम्ही पत्रात धाकटीचा उल्लेख केलात तो तक्रार म्हणून, पण खरं तर उत्तर तिथेच आहे. एकच घर, एकच आई, एकच शिस्त, आणि आठ वर्षांची सहाला उठते पण तेरा-चौदाचा उठत नाही. लाडाने झालं असतं तर दोघं सारखीच लाडावली असती ना? हा मुलगा स्वतः आठ वर्षांचा होता तेव्हा किती वाजता उठायचा ते आठवून बघा, मी पैज लावते की तोही तुम्हाला पहाटे उठवायचा.

वयात येताना मुलांच्या शरीरातलं घड्याळ मागे सरकतं, म्हणजे झोपही उशिरा येते आणि जागही उशिरा. संध्याकाळी अंधार पडल्यावर मेंदूत मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सुटायला लागतं, ते शरीराला सांगतं की आता रात्र झाली, आणि या वयात ते उशिरा सुटतं, काही मुलांमध्ये लहानपणापेक्षा दोन दोन तासांनी उशिरा. त्यात आणखी एक गोष्ट होते, दिवसभर जागं राहिल्यावर डोळ्यांवर जी झोप साठत जाते ती या वयात लहान मुलांपेक्षा सावकाश साठते, म्हणून आठ वर्षांची पोर साडेनऊला ताटावर पेंगते आणि हा बाराला टक्क असतो. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या मेरी कार्सकाडन यांनी यावर अनेक वर्षं काम केलंय. १९९८ साली छापून आलेल्या त्यांच्या एका अभ्यासात, शाळेची वेळ ८.२५ वरून ७.२० झालेल्या दहावीतल्या मुलांना सकाळी साडेआठच्या सुमाराला प्रयोगशाळेत शांत आडवं केलं, तर जवळपास निम्मी मुलं काही मिनिटांत थेट स्वप्नं पडतात त्या झोपेत शिरली. निरोगी माणूस असा एकदम त्या झोपेत जात नाही, हे झोपेच्या एका आजारात दिसतं, आणि ही मुलं तर आजारी नव्हती. वर्गात डोळे उघडे होते पण मेंदूच्या हिशोबाने अजून रात्रच चालू होती. तुमच्या मुलाचंही तेच होतंय, शाळा त्याच्या झोपेत भरतेय.

आणि ते साडेनऊला झोपायला पाठवणं. बिचारा. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोनेक तास असे असतात की त्या वेळात माणसाला झोप येणं सगळ्यात कठीण असतं, शरीर उलट जास्त जागं असतं. ज्याची झोप बाराची आहे त्याला साडेनऊला अंथरुणात घालणं म्हणजे नेमकं त्या पट्ट्यात घालणं. तो पडून राहणार, छताकडे बघणार, चिडणार, आणि हळूहळू त्याचं डोकं शिकणार की अंथरूण ही तळमळायची जागा आहे. 'लवकर निजे लवकर उठे' हे आपण सगळे घोकलोय, पण लवकर निजणं हे ठरवून होत नाही हो, लवकर उठणं एकवेळ होतं.

मोबाईलचं म्हणाल तर मी अर्धी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने आहे. रात्री उशिरा मोबाईल नकोच, त्याचा उजेड घड्याळ मागे ढकलतो आणि त्यातल्या गमतीजमती तर उजेडापेक्षा जास्त जागवतात. पण मोबाईल हे आगीतलं तेल आहे, आग दुसरीकडेच लागलीय. म्हणून तर महिना झाला तरी फरक नाही. तो काढून घेताना शिक्षा म्हणून घेतला असेल तर आता परत द्या आणि नियम करा, की रात्री ठराविक वेळेनंतर मोबाईल बाहेरच्या खोलीत, सगळ्यांचे, बाबांचा पण. (बाबांचा पण म्हटल्यावर किती घरांमधे हा नियम दोन दिवसांत बारगळतो ते मला माहितीये, तरी सांगते.)

आता मुद्दा असा की तुमच्या पत्रात एक आकडेमोड लपलीय, ती तुमच्या मिस्टरांनी केली तर ते म्हणतील बघा मी म्हणत होतो. रात्री बारा ते साडेपाच म्हणजे साडेपाच तास, दुपारी तीन ते सहा म्हणजे तीन तास, झाले साडेआठ. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये १३ ते १८ वयासाठी ८ ते १० तास झोप सांगितलीय, मग हा तर बसतो त्यात, तक्रार कसली? तक्रार ही की झोप तुकड्यांत पडलीय. रात्रीच्या झोपेचा शेवटचा भाग, पहाटेचा, त्यात स्वप्नांची झोप सगळ्यात जास्त असते, आणि तुमचा साडेपाचचा आवाज बरोबर तोच भाग कापतो. मग दुपारी तो घसघशीत तीन तास झोपतो आणि संध्याकाळी सहाला नव्याने ताजा होतो, म्हणजे रात्रीसाठी साठलेली झोप त्याने दुपारीच खर्च करून टाकलेली असते, तर रात्री बाराच्या आत येणार कुठून? आणि रविवारी तर कहरच. रोज बारा ते साडेपाच झोपणाऱ्याची मध्यरात्र, म्हणजे झोपेचा बरोबर मध्य, पावणेतीनला येते, शनिवारी रात्री एकला झोपून रविवारी बाराला उठणाऱ्याची सकाळी साडेसहाला. जवळजवळ चार तासांचा फरक. म्हणजे दर शनिवारी विमानात बसून चार तास मागे असलेल्या देशात जायचं आणि सोमवारी पहाटे परत यायचं, सामान न घेता. जर्मनीतल्या टिल रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये याला सोशल जेटलॅग असं नाव दिलं, आणि मला ते नाव ऐकल्यावर माझ्या वर्गातले सगळे सोमवार आठवले.

तर घरात काय करायचं. शाळेची वेळ उद्या बदलणार नाहीये, तोवर पोराला जगायचंय. माझं ऐकाल तर सुरुवात रात्रीकडून करूच नका, रविवारच्या सकाळपासून करा. पहिल्या रविवारी साडेदहा, पुढच्या रविवारी साडेनऊ, असं करत साडेआठपर्यंत आणा, त्याच्या आत नको, थोडी थकबाकी त्याला वसूल करू द्या. उठल्या उठल्या पडदे उघडा, गच्चीत, अंगणात, खिडकीत, जिथे उजेड असेल तिथे त्याला अर्धा तास बसू दे. उठल्यानंतरचा सकाळचा उजेड हे घड्याळ पुढे ओढणारं, म्हणजे रात्री झोप लवकर आणणारं, सगळ्यात मोठं औषध आहे, फुकट आहे, आणि ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. उलट रात्री नऊनंतर घरातले मोठे दिवे बंद, एखादा मंद पिवळा दिवा पुरे. लोक मोबाईलच्या मागे लागतात आणि डोक्यावरची पांढरी ट्यूब विसरतात.

मग दुपारची झोप. ती एकदम तोडू नका, त्याला आत्ता ती खरंच लागते, पण वेळ अलीकडे आणा आणि लांबी कमी करा. शाळेतून आला, जेवला, की लगेच पडू दे, तीन तासांचे दोन करा, मग तास, मग अर्धा तास, आणि साडेतीननंतर झोप नाही असं त्याच्याशी बोलून ठरवा. पहिले चार-पाच दिवस संध्याकाळी तो वैतागलेला असेल, त्या दिवसांत गणिताचा अभ्यास घेऊ नका, बाहेर खेळायला पिटाळा. चहा-कॉफीची सवय लागली असेल तर दुपारनंतर बंद, ती उतरायला बरेच तास लागतात. आणि झोपायला जायची वेळ साडेनऊ नको, आत्ता साडेअकरा करा, खरंच. झोप यायला लागली की दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. असं करत तो साडेदहापर्यंत आला तर मी म्हणेन जिंकलात. साडेनऊ होईल असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही.

सकाळचं ओरडणं बंद करा पण, प्लीज. साडेपाचपासून हाका मारताय आणि बस ६.२० ला, म्हणजे त्याची शेवटची झोप तुम्ही पन्नास मिनिटं तुकडे तुकडे करून वाया घालवताय. रात्रीच दप्तर, कपडे, सगळं तयार, दिवा लावायचा, सहाला पाच कमी असताना एकदा उठवायचं, आणि पंचवीस मिनिटांत घराबाहेर. अंघोळ संध्याकाळी केली तर काही बिघडत नाही, सासूबाईंना हवं तर माझं नाव सांगा.

एवढं सगळं करूनही तो रात्री जोरात घोरत असेल, किंवा सुट्टीत भरपूर झोपूनही दिवसा पेंगत असेल, किंवा आवडीच्या गोष्टीतही मन लागेनासं झालं असेल तर हे घड्याळाचं प्रकरण नाही, डॉक्टरांना दाखवा. आणि मेलाटोनिनच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर आपल्या मनाने देऊ नका.

आता पालकसभा. बोला. नक्की बोला, पण "शाळेची वेळ बदला" असं बोलू नका, हसतील. का हसतील तेही सांगते. शाळेची वेळ ही बहुतेक ठिकाणी मुलांच्या झोपेवरून ठरलेली नसते, ती इमारत आणि बस यांच्यावरून ठरते. एका इमारतीत दोन शाळा भरवायच्या, एका बसने दोन फेऱ्या मारायच्या, मग एका गटाला पहाटेची वेळ घ्यावीच लागते. आणि ती कुणाला द्यायची हे ठरवताना तुमच्यासारख्या शाळांत एकच विचार होतो, मोठी मुलं आहेत, ती उठतील. तिथेच गफलत झालीय ताई. ज्यांची शरीरं पहाटे आपणहून उठतात ती छोटी मुलं दुपारच्या पाळीत, आणि ज्यांची उठत नाहीत ती पहाटेच्या पाळीत. तुमच्याच घरात बघा ना, सहाला उठून बसलेल्या पोरीची शाळा दुपारी, आणि झोपलेल्या पोराची ७ ला. म्हणून मागणी अशी करा की पाळ्यांची अदलाबदल करता येईल का. इमारत तीच, बस त्याच, शिक्षक तेच.

हे मी हवेत बोलत नाहीये. अमेरिकेत सिॲटल शहराने २०१६ मध्ये साधारण हेच केलं, बहुतेक प्राथमिक शाळा लवकर भरवायला लागले आणि हायस्कूल ७.५० वरून ८.४५ ला नेलं. मग तिथल्या दोन हायस्कूलमधल्या मुलांच्या मनगटावर हालचाल मोजणारी घड्याळं बांधून आधीची आणि नंतरची झोप मोजली, २०१८ मध्ये ते छापून आलं. रोजची झोप ३४ मिनिटांनी वाढली, ६ तास ५० मिनिटांवरून ७ तास २४ मिनिटं. सभेत एक काका हमखास उठून म्हणतील की उशिरा शाळा केली तर पोरं अजून उशिरापर्यंत जागतील, त्यांना हेच सांगा, झोपायची वेळ जवळजवळ तिथेच राहिली, उठायची वेळ पुढे गेली. त्या मुलांचे मार्क आधीच्या बॅचपेक्षा साडेचार टक्के जास्त होते, आणि दोनपैकी ज्या शाळेत गरीब घरची मुलं जास्त होती तिथली हजेरी सुधारली. चौतीस मिनिटं म्हणजे चमत्कार नाही, सात तास चोवीस मिनिटं हेसुद्धा आठच्या खालीच आहे, पण घरोघरी आरडाओरडा करून किती मिनिटं वाढली ते काकांना विचारा.

पाळ्यांबद्दल तर आणखी चांगला पुरावा आहे. अर्जेंटिनामध्ये ब्युनोस आयर्सच्या एका शाळेत मुलांना सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा पाळ्या चिठ्ठ्या टाकून मिळतात, म्हणजे हुशार मुलं सकाळी आणि ढ मुलं दुपारी असा घोळ नाही. २०२० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात दिसलं की सकाळच्या पाळीत रात्री उशिरापर्यंत जागणारी मुलं मागे पडतात, आणि सगळ्यात जास्त गणितात. तुमच्या शाळेत पहिला तास कशाचा असतो हो? माझ्या काळात नेहमी गणित असायचं, "सकाळी डोकं ताजं असतं" म्हणून. कुणाचं ताजं? शिक्षकांचं. पन्नाशीत आपलं घड्याळ परत पुढे आलेलं असतं आणि आपल्याला वाटतं की सगळ्या जगाचंच आलंय.

तुम्ही तयारीनिशी जावं म्हणून दुसरी बाजूही सांगते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच म्हटलं की या वयाच्या मुलांची शाळा ८.३० च्या आधी भरू नये. कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला, १ जुलै २०२२ पासून हायस्कूल ८.३० च्या आत नाही आणि त्याखालचे मधले वर्ग ८ च्या आत नाहीत. फ्लोरिडाने २०२३ मध्ये तसाच कायदा केला आणि अमलात यायच्या आधीच २०२५ मध्ये मागे घेतला, कारण बस, ड्रायव्हर, खर्च, काही जमेना. म्हणजे अडचणी खऱ्या असतात. तुमच्या सभेतही कुणीतरी म्हणेल की मोठा लवकर घरी येतो म्हणून धाकट्याला सांभाळतो, कुणाचे क्लास संध्याकाळचे असतील, कुणी म्हणेल छोट्यांना अंधारात बसला कसं उभं करणार, आणि हा शेवटचा मुद्दा मला स्वतःला सगळ्यात जड वाटतो. अदलाबदल केली तरी छोट्यांची शाळा ७ ला नको, ८ ला हवी, नाहीतर एकाचं दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात.

अदलाबदल लगेच नाही झाली तर त्याहून छोटी मागणी खिशात ठेवा. पहिल्या तासाला गणित आणि चाचण्या नकोत, तिथे खेळ ठेवा, तोही उघड्या मैदानावर, उजेडात. आठवी ते दहावीचे जादा तास शाळा भरायच्या आधी घेत असतील तर ते आधी बंद करा किंवा सुटल्यावर घ्या. आणि शाळा अर्धा तास जरी पुढे सरकवता आली तरी एका सत्रापुरती सरकवून बघा, उशिरा येणाऱ्यांचं रजिस्टर आणि हजेरी आधीची नि नंतरची शेजारी ठेवा. मुख्याध्यापकांना भाषण नको असतं, त्यांना वर दाखवायला कागद हवा असतो, हे मी आतून सांगतेय.

एकट्या उठू नका मात्र. सभेच्या आधी आठवीच्या पालकांच्या ग्रुपवर एक साधा प्रश्न टाका, "तुमचा मुलगा किंवा मुलगी काल रात्री किती वाजता झोपली आणि आज किती वाजता उठवलीत?" बाकी काही लिहू नका. उत्तरं यायला लागली की तुम्हाला कळेल की किती घरांत साडेपाचला घसे बसतायत. ती सगळी उत्तरं एका कागदावर उतरवून घ्या, आणि जमलं तर त्या पहिल्या तासाच्या बाईंनाच आधी जाऊन भेटा. चौथ्या तासाला तुमचा मुलगा कसा असतो एवढंच त्यांना विचारा.